एक यंत्र, चार सेनापती

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात शिकते. दिवाळीत ती तीन मैत्रिणींना घेऊन घरी आली होती. चौघींत मिळून हातात धरायचे गेमचे एकच यंत्र. एक जण खेळते, बाकीच्या तिघी भिंतीकडे तोंड करून चहा पितात. थोड्या वेळाने यंत्र दुसरीच्या हातात. मध्यरात्र उलटली तरी हेच. विचारले तर म्हणते, "आई, युद्ध चाललंय, थांब." डोकावून पाहिले तर धावपळ नाही की गोळीबाराचा दणदणाट नाही, चौकोनी खणांत रणगाड्यांची खेळणी नुसती उभी. चार शहाण्या मुली जेवायच्या विसरतात, असे यात आहे तरी काय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : भिंतीकडे तोंड करण्यावरूनच खेळ ओळखता आला. तो बहुधा 'ॲडव्हान्स वॉर्स' असावा आणि यंत्र निन्टेंडो कंपनीचे स्विच. या खेळात मैदानावर धुके पसरवायची सोय आहे. ते पसरले की आपल्या फौजेच्या नजरेच्या टप्प्यात येईल तेवढेच दिसते, बाकी मैदान काळवंडलेले राहते. मग चौघींनी एकाच यंत्रावर खेळायचे म्हटले, तर दुसरीची पाळी चालू असताना स्क्रीनकडे पाहणे ही सरळसरळ चोरीच. त्या तिघी भिंतीकडे तोंड करून बसल्या, यात मला तरी शिस्तच दिसते. चहा मात्र नियमांत नाही.

खेळाचे घराणे जुने आहे. जपानमधल्या क्योटोच्या इंटेलिजंट सिस्टिम्स या कंपनीने निन्टेंडोसाठी १९८८ साली 'फॅमिकॉम वॉर्स' नावाचा खेळ केला. त्याच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत सैनिकांची तुकडी तालावर धावते, पुढचा ओरडतो, मागचे साथ देतात. आणि त्या ओरडण्यात, आयांना यातले काही कळू द्यायचे नाही, अशी तंबीही आहे. म्हणजे तुमच्यासारख्यांची शंका कंपनीने आधीच गृहीत धरली होती. १९९१ साली हाच खेळ 'गेम बॉय'वर, म्हणजे तळहातावर आला. पण हे सगळे जपानपुरते. बाहेरच्या खेळाडूंना इतका किचकट, पाळीपाळीने चालणारा खेळ रुचायचा नाही, अशी कंपनीची समजूत होती. ती मोडली २००१ साली, 'गेम बॉय ॲडव्हान्स'साठी केलेल्या 'ॲडव्हान्स वॉर्स'ने. स्विचवर मुली खेळत असतील तो त्याचाच, आणि त्याच्या २००३ सालच्या दुसऱ्या भागाचा, नव्याने रंगवलेला अवतार. तो २०२३ साली आला.

छोट्या यंत्रावर हा खेळ इतका का शोभला, हे कळायला मूळ यंत्र कसे होते ते पाहावे लागेल. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पडद्यावर आडवे २४० आणि उभे १६० ठिपके, बस्स. पडद्यामागे दिवा नाही, त्यामुळे खिडकीशी नाहीतर टेबललॅम्पखाली बसायचे. दोन पेन्सिल सेलवर सुमारे पंधरा तास चाले. अशा पडद्यावर धावणारे, झाडामागून गोळ्या झाडणारे सैनिक काय दिसणार? म्हणून मैदानाचे सोळा-सोळा ठिपक्यांचे चौकोन केले. एका वेळी पंधरा बाय दहा खण दिसतात. प्रत्येक खणात एक चित्र : जंगल, डोंगर, रस्ता, शहर, रणगाडा. एका नजरेत ओळखू येईल आणि दुसऱ्याशी गल्लत होणार नाही असे. खेळ पाळीचा असल्यामुळे घाई नाही. बस आली, यंत्र बाजूला ठेवले. बसमध्ये जागा मिळाली, पुढची चाल. मोठ्या पडद्यावर हा खेळ काही वेगळा होत नाही, नुसता मोठा दिसतो.

आता मुख्य गोष्ट. या खेळात धुके नसेल तर लपवलेले जवळपास काहीच नसते. शत्रूचा कुठला रणगाडा किती खण चालेल, तोफ किती लांब मारेल, पेटीत किती पैसे आहेत, सगळे उघड. वार करण्याआधीच त्यात समोरच्याचे साधारण किती टक्के नुकसान होईल, हेही दिसते. नशीब आहे, पण नखाएवढे. तरीही माणूस हरतो, कारण एकच गोष्ट कुठे लिहिलेली नसते : समोरच्याच्या मनात काय आहे. यंत्राशी एकट्याने खेळताना हे फारसे जाणवत नाही. यंत्र हावरट असते, समोर आमिष दिसले की खाते. माणूस थांबतो. म्हणून तुमच्या मुलीला मैत्रिणी लागतात.

हिशेब कसा चालतो ते जवळून पाहू. प्रत्येक तुकडीचे बळ दहा. ताब्यातले प्रत्येक शहर दर पाळीला एक हजार देते. पायदळाची तुकडी एक हजाराला मिळते, रणगाडा सात हजारांना, साधी तोफ सहा हजारांना, बॉम्बफेकी विमान बावीस हजारांना. दहा शहरे असतील तर आज एक रणगाडा आणि तीन पायदळ घ्यायचे, की दोन पाळ्या पोटाला चिमटा घेऊन तिसऱ्या पाळीला विमान आणायचे? महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या कुणालाही हा पेच समजावून सांगावा लागत नाही.

दोन रणगाडे सपाट मैदानावर समोरासमोर आले, दोघांचे बळ पूर्ण दहा. तुम्ही आधी वार केलात तर समोरच्याचे बळ निम्म्यावर येते. तो उलटून वार करतो, पण उरलेल्या निम्म्या बळाने. तुमचे दोन-तीनच जातात. म्हणजे पहिला वार ज्याचा, त्याचे पारडे जड. मग दोघेही काय करतात? दोघेही थांबतात. रणगाडा सहा खण चालतो आणि शेजारच्या खणात मारतो, म्हणजे त्याचा धोका सात खणांपर्यंत. तुम्ही आठव्या खणात उभे राहता, तोही तुमच्यापासून आठव्या खणात. पुढे पाऊल टाकेल तो आधी मार खाईल.

ही कोंडी फोडते ती एक हजाराची पायदळ तुकडी. तिला पुढे जंगलात उभी करायची. जंगलात आडोसा असल्याने मार कमी बसतो. समोरच्याने तिला हाणायला रणगाडा पुढे काढला की तो तुमच्या टप्प्यात आला. तुमची एक हजाराची तुकडी गेली असेल, त्याचा सात हजारांचा रणगाडा जाणार. हे त्यालाही कळते. म्हणून तो तुमच्या पायदळाकडे बघत राहतो आणि स्वतःचे पायदळ पुढे काढतो. चांगल्या खेळाडूंचा डाव बघितलात तर मैदानाच्या मध्यभागी स्वस्तातल्या माणसांची रांगच्या रांग दिसेल, आणि महागडी यंत्रे त्यांच्या मागे दबा धरून. तोफही तशीच. ती दोन-तीन खणांवरून मारते, पण चालली तर त्या पाळीला मारू शकत नाही, आणि शेजारी येऊन कुणी वार केला तर उलटून बोलतही नाही. तिच्यापुढे भिंत लागते. भिंत पायदळाची.

शहर ताब्यात घेण्याचे कामही फक्त पायदळच करू जाणे. प्रत्येक ठाण्याचे वीस गुण. तुकडीचे जेवढे बळ तेवढे गुण दर पाळीला कमी होतात. धडधाकट तुकडीला दोन पाळ्या लागतात, निम्मी कापलेली असेल तर चार. मध्येच तिला उडवले की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शत्रूचे मुख्यालय असे घेतले की डाव संपला, मग त्याच्याकडे किती का विमाने असेनात. बावीस हजारांचे विमान एक खण जमीन जिंकत नाही, हजाराचा पायदळवाला राजधानी घेतो. माझ्या मते या खेळाचे सगळे सौंदर्य या एका नियमात आहे. बाकीचे रणगाडे-विमाने ही त्याभोवतीची आरास.

शिवाय प्रत्येक खेळाडू एक सेनापती निवडतो आणि त्याचा स्वभाव फौजेत उतरतो. मॅक्सचे रणगाडे जोरकस पण तोफा लंगड्या. ग्रिटचे नेमके उलटे : तोफा एक खण जास्त लांब मारतात, समोरासमोरच्या लढतीत तो कच्चा. कॅनबेची फौज महाग आणि भारी, तर कॉलिनची स्वस्त आणि हलकी. सॅमीचे पायदळ इतरांच्या दीडपट वेगाने शहरे बळकावते. लढता लढता एक मापक भरत जातो आणि तो भरला की सेनापतीची खास करामत वापरता येते. ईगलने ती वापरली की त्याच पाळीत त्याच्या पायदळाखेरीज इतर तुकड्या दुसऱ्यांदा चालतात. ते बघणाऱ्याच्या तोंडून जे शब्द निघतात, ते तुमच्या घरात त्या रात्री कुणी उच्चारले नसतील अशी आशा आहे.

आता चौघींची गोष्ट. दोघींचा डाव गणिताचा, चौघींचा डाव राजकारणाचा. आघाडी न करता प्रत्येकीने स्वतःसाठी खेळायचे ठरवले, तर जी आधी शेजारणीवर तुटून पडते ती आणि तिची शेजारीण दोघी खंगतात. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. म्हणून सुरुवातीच्या कितीतरी पाळ्या सगळ्या जणी गोड बोलत शहरे गोळा करतात. चौघींचे डोळे असतात ते सगळ्यात पुढे गेलेलीवर. ती मात्र आपण मागेच आहोत असे पटवत असते. एकाच खोलीत बसून खेळण्याची मजा इथे आहे. आवाज बदलतो, कुणी उगाच गप्प होते, कुणी पाळी नको तितक्या लवकर संपवते. धुक्यात तर जंगलात लपलेली तुकडी अगदी खेटून गेल्याशिवाय दिसत नाही. चालताना वाटेत ती आडवी आली की तुमची तुकडी तिथेच अडते आणि तिची पाळी वाया जाते. तेव्हा खेळणारीच्या तोंडून 'अगंबाई' निघालेच, तर भिंतीकडे तोंड केलेल्या तिघींपैकी एकीला लगेच कळते की आपले जंगल उघडे पडले. डोळे मिटता येतात, कान नाही.

दोन तक्रारी मात्र माझ्याही आहेत. एक म्हणजे चौघांचा डाव मरणाचा लांबतो. तीन जणांनी वाट बघायची, त्यातही पहिला बाद झालेला उरलेली रात्र चहा करतो. दुसरी, ज्याची पहिली पाळी त्याला आधी पैसे आणि आधी फौज. मुरलेले खेळाडू म्हणूनच दुसऱ्याला सुरुवातीलाच एक जादा पायदळ तुकडी देऊन तोल सांभाळतात. काही सेनापतींचा तोल तर कशानेच सांभाळता येत नाही. दुसऱ्या भागातला हाची सगळी फौज सवलतीत घेतो आणि पुढे शहरांतूनही तुकड्या उभ्या करतो. मैत्री टिकवायची असेल तर त्याला आधीच वगळावे.

प्रश्न : मी लष्करातून निवृत्त झालो आहे. नातवाच्या या खेळात रणगाड्यांवर हसरे चेहरे, सेनापती म्हणजे मिशीसुद्धा न फुटलेली पोरे. खऱ्या युद्धातले यात काही आहे का, की नुसता पोरखेळ? आणि युद्धाचा असा खेळ करावा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तुम्हाला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट यात नक्की आहे : रसद. रणगाड्यात नऊ गोळे, संपले की तोफ मुकी. रणगाडाविरोधी पायदळाचा बझुका तर तीनदाच उडतो. विमान नुसते हवेत थांबले तरी दर पाळीला इंधन जाळते आणि टाकी रिकामी झाली की कोसळते. म्हणून पाच हजारांची एक चिलखती गाडी फौजेमागून फिरवावी लागते. ती स्वतः गोळी झाडत नाही, शेजारच्या खणांतल्या तुकड्यांना इंधन आणि दारूगोळा देते. नवखे खेळाडू तिला विकतच घेत नाहीत आणि पुढे आपली विमाने का पडतात म्हणून कपाळाला हात लावतात. नातवाला विचारून बघा, त्याच्या फौजेत ती आहे का.

धुक्याची युक्तीही लष्करातूनच आलेली. प्रशियाचा एक तरुण अधिकारी, फॉन राइस्विट्झ, याने वडिलांच्या खेळात सुधारणा करून १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम छापले. दोन्ही बाजू हुकूम पंचाकडे देत आणि शत्रूचे जेवढे दिसले असते तेवढेच पंच त्यांना दाखवी. तो खेळ प्रशियाच्या फौजेत अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला गेला. इथे पंचाचे काम यंत्र करते, एवढाच फरक.

जे नाही, तेही सांगायला हवे. भीती नाही. जखमी नाहीत. दोन अर्धमेल्या तुकड्या एकाच खणात आणल्या की एक धडधाकट तुकडी होते, कुणी कुणाला विचारत नाही. मेलेले चित्र टपकन नाहीसे होते. नागरिक तर मुळातच नाहीत. ताबा बदलला की शहराच्या छपरांचा रंग तेवढा बदलतो.

करावा का, या प्रश्नाने खुद्द कंपनीलाही दोनदा गाठले. 'ॲडव्हान्स वॉर्स' अमेरिकेत बाजारात आला १० सप्टेंबर २००१ रोजी. दुसऱ्या दिवशी काय झाले ते जगाला ठाऊक आहे. युरोपातली विक्री जानेवारी २००२ पर्यंत लांबली आणि जपानमध्ये तर तो दुसऱ्या भागाबरोबर थेट २००४ च्या नोव्हेंबरात आला. नवी आवृत्ती ८ एप्रिल २०२२ रोजी येणार होती. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि मार्चमध्ये ती अनिश्चित काळासाठी पुढे ढकलली. अखेर २१ एप्रिल २०२३ उजाडला. अवघडलेपणा निव्वळ योगायोगाचा नव्हता. खेळात सीमा ओलांडून चाल करून येणारा देश ब्लू मून, आणि त्याच्या फौजेचे रूप बघून कुणालाही रशिया आठवतो. पुढे ढकलले ते बरेच केले. त्या महिन्यांत त्या देखाव्याकडे हसत बघणे जड गेले असते.

पण हसरे चेहरे काढून टाकले तर खेळ जास्त प्रामाणिक होईल, हे मला पटत नाही. तसा प्रयत्न २००८ साली झाला आहे. 'डेज ऑफ रुइन' या भागात उल्कापातात बहुतेक मानवजात नष्ट झालेली, रंग करडे, सेनापती दुर्मुखलेले. नियम उलट जास्त तोलाचे झाले, खेळ म्हणून तो उत्तमच आहे. तरी चित्र टपकन नाहीसे होते ते होतेच, आणि वर गांभीर्याचा आव. हसरा चेहरा निदान हे लाकडी सैनिक आहेत असे उघड सांगतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ घेऊन चतुरंगाने फार पूर्वी हेच केले : लढाईतले रक्त बाजूला काढले आणि उरलेला हिशेब पटावर मांडला. नातवाला खेळू द्या. खरे काय असते ते सांगायला तुम्ही घरात आहातच, आणि ते सांगण्याची जबाबदारी खेळावर टाकण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्याकडे स्विच नाही, घेण्याचा विचारही नाही. चौघा मित्रांना याची चव कशी मिळेल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : बटणांच्या जावा फोनवर 'एन्शंट एम्पायर्स' खेळला असाल, तर चव आधीच घेतली आहे, तो याच जातीचा होता. आता संगणक असेल तर 'बॅटल फॉर वेस्नॉथ' फुकट मिळतो. त्यात तलवारी आणि जादूगार आहेत आणि खण षट्कोनी, पण एकाच संगणकावर पाळीपाळीने खेळता येते. नशिबाचा वाटा तिथे बराच जास्त आहे, हे मात्र धरून चाला. फोनवरच हवे असेल तर 'बॅटल ऑफ पॉलिटोपिया' घ्या, फोन हातोहात फिरवून खेळायची सोय त्यात आहे आणि डाव लवकर संपतो. रूपाने 'ॲडव्हान्स वॉर्स'च्या सर्वांत जवळचा म्हणजे २०१९ चा 'वॉरग्रूव्ह', तो संगणकावरही चालतो. कुठलाही घेतलात तरी पहिला नकाशा लहान निवडा, आणि जो आधी बाद होईल त्याच्यासाठी दुसरे काहीतरी करायला ठेवा.